वजा केलेलं ऊन

डब्यात एकशे बारा दात होते.

स्वरूपानं ते दोनदा मोजले. एकसष्ट दाढा, सत्तावीस उपदाढा, नऊ सुळे आणि पंधरा पुढचे दात. दुधाचा एकही नाही. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. आत पिवळा पडलेला कापूस. झाकणावरच्या चिकटपट्टीवर डॉक्टरांच्या तिरप्या अक्षरात 'जून २०३६ ते डिसेंबर २०३९' एवढंच लिहिलेलं. नावं कुठंच नव्हती.

डॉक्टर पत्रावळेंनी करंजोळ गावात चाळीस वर्षं दात काढले. दंतवैद्यक शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी खरे दात लागत, आणि ते मिळवण्यासाठी ती मुलं गावोगावच्या दवाखान्यांचे उंबरे झिजवत, म्हणून डॉक्टर काढलेला दात धुऊन डब्यात टाकून ठेवत. आता मुलं प्लास्टिकच्या दातांवर शिकतात. दवाखाना बंद करताना उरलेला शेवटचा डबा त्यांनी दातांतली किरणांची नोंद वाचत फिरणाऱ्या 'दातगाडी'कडे पाठवून दिला होता. स्वरूपाला असे बेनाव दात यंत्राचं माप जुळवून घ्यायला लागत.

दातगाडी बाजार समितीच्या रिकाम्या शेडमध्ये उभी होती. एकेकाळी या शेडमध्ये हळदीच्या पोत्यांची थप्पी छताला टेकायची. गाडीत एक खुर्ची, एक चुंबक, झोपायची एक फळी आणि स्वरूपा. तीन वर्षं ती अशी तालुक्यातालुक्यांतून फिरत होती. दिवसभर माणसं तिच्यासमोर तोंड उघडायची, पण बोलायचं कोणी नाही. करंजोळ तिनं तीनदा वेळापत्रकात मागे ढकललं होतं. चौथ्यांदा ढकलायला कारण उरलं नाही.

पंधरा पुढच्या दातांतला अकरावा तिनं चिमट्यात धरला आणि तसाच धरून ठेवला.

वरचा, डावीकडचा, मधला दात. त्याच्या धारेवर मधोमध एक खाच होती. गोल, गुळगुळीत, तांब्याच्या तारेच्या जाडीची.

"वायर सोलायला पक्कड कशाला?" अण्णा म्हणायचे. "देवानं दिलीय की." आणि दातात धरून हिसका द्यायचे. आई ओरडायची. ते हसायचे, आणि हसताना खाच दिसायची.

स्वरूपानं डॉक्टरांना फोन लावला.

"काय गं, कमी निघाले का दात?" डॉक्टर म्हणाले. "आता आणखी नाही हं मिळायचे. हात थरथरतो माझा."

"डॉक्टर, दिनकर आवटींचे दात तुम्हीच काढले होते का?"

पलीकडे डॉक्टरांनी पंखा बंद केला.

"तू दिनकरची मुलगी ना? मी डबा दिला तेव्हा हे डोक्यातच आलं नाही बघ." त्यांनी घसा साफ केला. "सदतीस साली काढले. हिरड्या गेल्या होत्या. बाकीचे शिकणाऱ्या मुलांनी नेले, तो खाच पडलेला तेवढा कोणी घेतला नाही. सगळे काढून झाल्यावर आरशात बघून मला म्हणाला, 'डॉक्टर, आता वायर कशानं सोलू?' आम्ही दोघंच हसलो. दवाखान्यात तिसरं कोणी नव्हतंच. त्याला मी दुपारी एक वाजता बोलवायचो."

"एक वाजता का?"

"त्याच्या शेजारी बाकावर कोणी बसायचं नाही गं. उठून उभे राहायचे लोक. त्याला ते दिसायचं, मलाही दिसायचं. मग म्हटलं, जेवायच्या वेळेला ये, तेव्हा कोणीच नसतं."

फोन ठेवल्यावर तिनं दाताच्या मुळातून चिमूटभर भुकटी काढली, आपल्या गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा तिच्याशेजारी ठेवला आणि डीएनएवरून ओळख पटवणारी पेटी सुरू केली. चाळीस मिनिटांनी पेटीनं उत्तर दिलं: वडील आणि अपत्य.

अण्णांना जाऊन चौदा महिने झाले होते. चुलत्यांनी अग्नी दिला, अस्थी कृष्णेत सोडल्या, आणि मग तिला फोन केला. ती पोहोचली तेव्हा घराला कुलूप होतं. अण्णांचं म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते आता तिच्या चिमट्यात होतं. वजन एक पूर्णांक एक दशांश ग्रॅम.

*

इलेक्ट्रॉन सहसा जोडीनं राहतात. जोडीतल्या एकाचं चुंबकत्व दुसऱ्याच्या उलट, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला काहीच जाणवत नाही. पण एखाद्या रेणूत जोडीदार गेलेला इलेक्ट्रॉन उरला, तर तो इवल्याशा लोहचुंबकासारखा वागतो. बाहेरून मोठं चुंबकीय क्षेत्र लावलं, की त्याला उभं राहायला दोनच जागा असतात: क्षेत्राच्या बाजूनं किंवा क्षेत्राच्या विरुद्ध. या दोहोंतला फरक भरून निघेल इतक्याच ऊर्जेची सूक्ष्मलहर, म्हणजे मायक्रोवेव्ह, त्याच्यावर पडली, तर तो ती गिळतो आणि उलटा होतो. क्षेत्राच्या कोणत्या आकड्याला लहर गिळली गेली, यावरून तो इलेक्ट्रॉन कोणत्या रेणूत, कोणाच्या शेजारी राहतो ते कळतं. किती गिळली गेली, यावरून असे एकटे किती आहेत ते कळतं. याला इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स म्हणतात. स्वरूपाला शिकवणारे सर म्हणायचे, हे एकट्यांची खानेसुमारी करणारं यंत्र आहे.

एकटा इलेक्ट्रॉन एकटा राहायला तयार नसतो. ज्या रेणूत तो असतो तो रेणू दिसेल त्याला भिडतो, प्रक्रिया करतो, कुठून तरी जोडीदार ओढून आणतो. पाण्यात हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी उरकतं. दाताचं एनॅमल मात्र निराळं. तो दगडासारखा घट्ट स्फटिक आहे आणि त्याच्या जाळीत थोडा कार्बोनेट अडकलेला असतो. गॅमा किरणानं तिथं धक्का दिला, की एक एकटा इलेक्ट्रॉन तयार होतो आणि जागच्या जागी कोंडला जातो. भिडायला कोणी नाही, हलायला जागा नाही. मग तो तसाच राहतो. माणूस जगेल तितकी वर्षं, आणि त्यानंतरही. शरीरातला बाकीचा बहुतेक भाग हळूहळू झालं गेलं विसरतो. दात विसरत नाही.

हे सगळं जुनंच ज्ञान. नवं होतं ते यंत्र. २०४१ साली इतकं लहान चुंबक निघालं, की साडेतीन टेस्लाचं क्षेत्र एका गाडीत मावू लागलं, आणि चार मिलिग्रॅम एनॅमलवरून किरणांचा आयुष्यभराचा डोस सांगता येऊ लागला. दोन वर्षांत दातनोंदीचा कायदा आला. किरणांशी ज्याचा ज्याचा संबंध आला त्याचा दात वाचायचा. यंत्रानं दाखवलेला आकडा त्याच क्षणी राष्ट्रीय नोंदीत जाणार, कोणाला तो खोडता येणार नाही, आणि जुन्या अपघातांच्या फायली त्या आकड्यांवरून आपोआप पुन्हा उघडणार. बऱ्याच माणसांना न्याय मिळाला. बऱ्याच घरांत भांडणं लागली. मुलगी बघायला आलेली मंडळी पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता विचारू लागली, "आणि दातनोंद?"

पुढच्या दातांचं एक त्रांगडं आहे. उन्हातले अतिनील किरणही एनॅमलमध्ये तशीच खूण उमटवतात. ते खोलवर जात नाहीत, ओठाकडच्या बाजूलाच थांबतात. म्हणून पुढचा दात असेल तर तो उभा चिरतात, जिभेकडची बाजू वेगळी मोजतात आणि तोच आकडा खरा धरतात. ओठाकडच्या बाजूला जे जास्तीचं निघेल ते ऊन म्हणून वजा करतात. बहुतेकांच्या बाबतीत वजा करायला फारसं काही नसतं. ओठ सावली धरून असतो.

*

अपघात २०३४ सालचा. गावाबाहेर 'सुवर्णा विकिरण केंद्र' होतं. परदेशी जाणारी हळद तिथं गॅमा किरणांखालून काढायचे, म्हणजे तिच्यातले जंतू मरतात. दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या खोलीत खोल पाण्याची टाकी, टाकीत कोबाल्टच्या कांड्यांची चौकट. चौकट वर आली की खोली मृत्यूची. खाली पाण्यात गेली की माणसानं खुशाल आत जावं. खोलीत शिरायला वळणावळणाची बोळकांडी होती, कारण किरणांना वळता येत नाही.

अण्णा तिथं यंत्रचालक, आप्पासो कोरे त्यांचे जोडीदार. त्या दिवशी पोत्यांची पेटी आत अडकली. चौकट खाली गेल्याचा हिरवा दिवा लागला होता. प्रत्यक्षात चौकट मध्येच लटकली होती. तिची जागा सांगणारा स्विच हळदीच्या भुकटीनं चिकटून बसला होता. हिरवा दिवा बघून आप्पासो आत गेले. पेटी सुटली ती त्यांच्या डोक्यावर.

नंतर लोकांनी पाहिलं ते एवढंच. आप्पासो बोळकांडीच्या तोंडाशी बेशुद्ध पडलेले, आणि दिनकर आवटी फाटकाकडे धावत सुटलेले. जीपवाल्याला हाका मारून ते लिंबाखाली वाकले आणि भडाभडा ओकले. "भ्यालं," लोक म्हणाले. "जोडीदाराला टाकून पळालं आणि भीतीनं ओकलं." आप्पासो शुद्धीवर आलेच नाहीत. सोळाव्या दिवशी मुंबईत गेले.

चौकशी झाली. केंद्रातल्या प्रत्येक कामगाराच्या छातीवर डोस मोजणारा एक बॅज असायचा. आप्पासोंच्या बॅजनं एक पूर्णांक चव्वेचाळीस ग्रे दाखवले. ग्रे हे डोसाचं माप; सहा-सात ग्रे बसले तर माणूस सहसा वाचत नाही. रक्ताच्या तपासणीनं सहा पूर्णांक आठ. इतका फरक का, तर बॅज शरीराखाली दबला असावा, असं समितीनं लिहिलं. दिनकर आवटींच्या बॅजनं शून्य दाखवलं, म्हणून त्यांचं रक्त कोणी तपासलंच नाही. समितीनं लिहिलं: 'चालक आत गेला नाही. जखमी कामगार स्वतः सरपटत बाहेर आला असावा.' समितीसमोर अण्णा म्हणाले, मला काही आठवत नाही.

स्वरूपा तेव्हा एकवीस वर्षांची, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. अहवाल तिनं तीनदा वाचला. अण्णा ओट्यावर टेस्टर हातात घेऊन बसले होते. दुरुस्त करायला समोर काहीच नव्हतं.

"मी गेलो होतो गं आत," ते म्हणाले.

"मग बॅज शून्य कसा?"

त्यांनी टेस्टरचं टोक शर्टाला पुसलं.

"अण्णा, माणसं खोटं बोलतात. आकडा बोलत नाही."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि टेस्टर खिशात ठेवला. ती पुण्याला गेली. आई होती तोवर दिवाळीला यायची. आई गेल्यावर तेही थांबलं. पुढे शिकताना तिला कळलं, की डोस बसलेल्या माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं खुणा सापडतात, आणि एक ग्रेच्या वर गेलं की माणूस काही तासांत ओकू शकतो. हे कळलं त्या दिवशी ती ग्रंथालयात बसली होती. फोन समोर होता. तिनं तो उचलला नाही. पुढल्या महिन्यात उचलू, असं तिला नऊ वर्षं वाटत राहिलं.

*

दात चिरायच्या आधी तिला एका माणसाला विचारणं भाग होतं. आकडा नोंदीत गेला की फाइल उघडणार, आणि त्या फाइलीवर पहिलं नाव आप्पासो कोरे यांचं होतं.

आप्पासोंच्या पत्नी हौसाक्का अंगणात बसून हळकुंडं निवडत होत्या. नवऱ्याच्या जागी केंद्रात त्यांना नोकरी मिळाली होती. केंद्र बंद पडेपर्यंत त्या पोती मोजायच्या कामावर होत्या. आप्पासोंना मुंबईला नेलं त्या दिवशी भर बाजारात अण्णांच्या शर्टाला धरून "माझ्या मालकाला टाकून पळालास!" असं ओरडणाऱ्याही त्याच.

"दातगाडीवाली आलीस व्हय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माझ्या तोंडात चारच राह्यलेत. त्यातला एक तुला दिला तर भाकरी कशानं खाऊ?"

"तुमचा नको, हौसाक्का. मी दिनकर आवटींची स्वरूपा."

"माहीत हाय की. नाक त्याचंच हाय. उन्हात काय उभी राहिलीस, बस."

ती बसली. रुमालाची घडी उलगडून तिनं दात दाखवला, आणि तो कसा मिळाला, काय मोजायचं, आकडा कुठं जातो, ते सगळं सांगितलं. हौसाक्कांनी दाताला हात लावला नाही. नुसत्या खाचेकडे बघत राहिल्या.

"हा दात मी रोज बघितलाय," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत मी ह्यांचा डबा घेऊन जायची. त्या काँक्रीटच्या भिंतींत गारठून निघायचे दोघं, म्हणून बाहेर हळद वाळवायच्या खळ्यावर बसायचे. सावली सोडून उन्हात. ह्यांनी गंभीर तोंड करून काहीतरी बोलायचं, की तुझे अण्णा आभाळाकडं तोंड करून हसणार. वरचे सगळे दात बाहेर. मी म्हणायची, भाऊजी, ओठ मिटा की, दात करपतील."

"मी त्यांना फार हसताना बघितलं नाही. म्हणजे लहानपणी बघितलं. नंतर नाही."

"नंतर कुणी बघितलं?"

त्या उठल्या. आत ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फिक्या निळ्या रंगाचा शर्ट होता, आणि शर्टाच्या आत तसंच अडकलेलं बनियन.

"इस्पितळातनं कपडे परत आले. बॅज सरकारनं नेला, पण नेताना चिमटा तुटला, तो हितंच राह्यला. बघ कसा लावलाय."

लोखंडी चिमटा शर्टाच्या कापडाला आणि आतल्या बनियनला एकत्र धरून होता. मधे कापडाची चुणी पडली होती.

"स्वतःच्या छातीवर असं कोण लावतं?" हौसाक्का म्हणाल्या. "दुसऱ्यानं लावलाय. घाईत."

"पण बॅज तर कामावर असताना छातीवर असायलाच..."

"असायचा म्हणे! दाराबाहेर कॅलेंडरचा खिळा होता. सगळ्यांचे बॅज त्या खिळ्याला. साहेब लोक तपासायला आले की छातीवर. बॅजमधे आकडा साठला की माणसाला त्या कामावरनं काढून गोदामात टाकायचे. गोदामात कुणाला जायचं नव्हतं. ह्यांनीच मला सांगितलेलं, हसत." त्यांनी शर्टाची घडी घालायला घेतली, आणि मध्येच सोडून दिली. "बॅज खिळ्यावर सापडला असता तर कामगाराची चूक ठरली असती. ह्यांचं नाव खराब, मला नोकरी नाही, पोरं उघड्यावर. तुझ्या बापानं आत पळता पळता ह्यांचा बॅज खिळ्यावरनं काढून नेला आणि ह्यांच्या छातीला लावला. स्वतःचा तिथंच राह्यला."

स्वरूपानं चिमट्याला बोट लावलं. गंजलेला होता. तिच्या डोक्यात तेरा वर्षं पडून असलेले दोन आकडे आपापल्या जागा सोडून हलले. सहा पूर्णांक आठ आणि एक पूर्णांक चव्वेचाळीस. बॅज शरीराखाली दबला नव्हता. तो उशिरा आत गेला होता. ज्याच्या हातात तो आत गेला, त्याच्याचबरोबर तो बाहेर आला होता.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"शर्ट आला तवापासनं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी." हौसाक्का हळकुंडांच्या सुपाकडे बघत होत्या. "बाजारात ओरडून मोकळी झाल्यावर. त्याच आठवड्यात नोकरीचं पत्र आलं. मी त्यांच्या घरी गेली होती एकदा. तुझ्या आईनं दार उघडलं. भाऊजी आतनं म्हणाले, 'हौसावहिनी, पोती नीट मोजत जा, तिथला काटा खोटा आहे.' बास, एवढंच. मी परत आली. परत गेली नाही."

शेजारच्या अंगणात कोणीतरी हळद पाखडत होतं. वारा फिरला की पिवळी धूळ इकडे यायची.

"हौसाक्का, चिमट्यावरून असं वाटतं. पण चिमटा पुरावा नाही. त्यांनी तो बाहेर, बोळकांडीच्या तोंडाशी लावला असंही कोणी म्हणेल."

"मग बॅजला आकडा कसला आला?"

"तोंडाशीही थोडे किरण पोचतात, तेवढ्यानं आला असं म्हणतील. मला माहीत नाही." तिचा आवाज तिला परका वाटला. "दात मोजला आणि तिथं काहीच नसलं, नुसता जन्मभराचा साधा साठा, एका ग्रेच्या शंभर भागांतले पाच, तर ते आत गेले नव्हते. बॅजइतकाच आकडा आला, तर ते आणि बॅज बरोबर होते, सगळा वेळ. दात एकच आहे. चिरला की संपला. आणि बॅजइतका आकडा आला, तर खिळ्याची गोष्टही बाहेर येणार. आप्पासोकाकांच्या नावाला लागेल."

"तू घाबरलीस," हौसाक्का म्हणाल्या.

"हो."

"कशाला? शून्य येईल म्हणून?"

स्वरूपानं दात पुन्हा रुमालात गुंडाळला. "येणार नाही म्हणून."

हौसाक्कांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. मग शर्ट उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

"हे पण घेऊन जा. फाइलीत लाव. आमच्या मालकांच्या नावाला लागू दे थोडं, त्यांची चूक होतीच की. त्यांच्या वाटणीचं तुझ्या बापानं बारा वर्षं सोसलं. आणि माझ्या वाटणीचं बी." त्या सूप ओढून पुन्हा निवडायला बसल्या. "जा, मोज. मला येऊन सांग. नसलं काही तरी सांग."

*

दुपारी दोन वाजता तिनं गाडीचं दार आतून लावलं.

हिऱ्याच्या पात्यानं दात उभा चिरायला अकरा मिनिटं लागली, पाण्याची धार चालू ठेवून, म्हणजे तो तापणार नाही. खाच दोन्ही तुकड्यांत वाटली गेली. आतला मऊ भाग खरवडून काढला. दोन्हीकडचं एनॅमल वेगवेगळ्या खलात कुटलं, चाळलं. वजन केलं: जिभेकडचं चार पूर्णांक दोन मिलिग्रॅम, ओठाकडचं चार पूर्णांक एक. केसाएवढ्या काचेच्या दोन नळ्यांत ते भरलं. उरलेली पांढरी भुकटी आणि मूळ तिनं रुमालात बांधलं.

मग डब्यातल्या बेनाव दातांवर यंत्र जुळवलं. तिसऱ्या जुळणीला गरज नव्हती. तरी तिनं केली.

नोंदीचा तक्ता पडद्यावर आला. नाव: दिनकर आवटी. जन्म: १९७८. मृत्यू: २०४६. नमुना देणाऱ्याचं मृताशी नातं. त्या रकान्यात तिनं 'मुलगी' लिहिलं. शेजारच्या मेजावर अहवालाचं जुनं पान उघडं होतं, आणि आप्पासो कोरे यांच्या बॅजच्या १.४४ या आकड्याखाली तिनं एकवीस वर्षांची असताना पेन्सिलनं मारलेली रेघ होती.

पहिली नळी आत गेली. चुंबक गुणगुणू लागलं. क्षेत्र हळूहळू चढत गेलं, आणि पडद्यावरची रेघ बराच वेळ सपाट चालत राहिली. मग ती वर गेली, खाली आली आणि पुन्हा सपाट झाली. यंत्रानं तो चढउतार चौसष्ट वेळा तपासला. स्वरूपा हात मांडीवर ठेवून बसली होती, तोंड उघडून बसणारी माणसं बसतात तशी. नंतर दुसरी नळी.

चार वाजून सहा मिनिटांनी तक्ता भरला.

जिभेकडची बाजू, नैसर्गिक साठा वजा जाता: १.४३ ग्रे. त्रुटी: अधिक-उणे ०.०७.

ओठाकडची बाजू, नैसर्गिक साठा वजा जाता: १.६६ ग्रे.

फरक: ०.२३ ग्रे. कारण: ऊन.